खरं-खोटं करणाऱ्यांचा पगार

१८८२च्या जुलै महिन्यात पुण्यातल्या दोन तरुण संपादकांना मुंबईच्या हायकोर्टाने चार महिन्यांची कैद सुनावली. एक गोपाळ गणेश आगरकर, दुसरे बाळ गंगाधर टिळक. दोघंही पंचविशी-सव्विशीतले. 'केसरी' आणि 'मराठा' सुरू होऊन जेमतेम दीड वर्ष झालेलं. गुन्हा अब्रुनुकसानीचा. कोल्हापूरच्या तरुण छत्रपतींचा छळ चालला आहे आणि त्यामागे तिथले कारभारी माधवराव बर्वे आहेत, असं या दोन्ही पत्रांनी लिहिलं होतं. आधाराला काही कागद होते, खुद्द बर्व्यांनी लिहिलेली म्हणून दाखवली गेलेली पत्रं. कोर्टात ती बनावट ठरली. संपादकांनी माफी मागितली, पण तुरुंग चुकला नाही.

ही गोष्ट आपल्याला ठाऊक असते ती डोंगरीच्या तुरुंगातल्या १०१ दिवसांची म्हणून. आगरकरांनी त्यावर पुस्तक लिहिलं, म्हणून ती टिकलीही. मला मात्र त्यातला एक रुक्ष प्रश्न कायम छळतो. ती पत्रं हातात आल्यावर ती खरी की खोटी हे पाहायला 'केसरी'कडे होतं कोण? कोल्हापूरला जाऊन अक्षर जुळवून पाहणारा, चार लोकांना विचारणारा, 'थांबा, अजून छापू नका' असं सांगणारा पगारी माणूस? तसा कोणी नव्हता. संपादकच लेखक, आणि तेच शाळेतले मास्तर. असा माणूस नेमायचा तर त्याला पगार द्यावा लागतो, आणि पगार कुठून द्यायचा? पुढे खटला उभा राहिला तेव्हा लोकांनी वर्गणी काढली. म्हणजे पैसा आला, पण पडताळणीसाठी नव्हे. ती न केल्याचा खर्च भागवण्यासाठी आला.

आज ज्याला आपण फॅक्ट-चेकिंग म्हणतो, त्याच्या इतिहासात हा प्रश्न पुन्हा पुन्हा येतो. खोटी बातमी पसरवायला काही लागत नाही, अंगठ्याच्या एका हालचालीत ती शंभर जणांकडे जाते. तिचं खरं-खोटं करायला माणूस लागतो, वेळ लागतो, फोन लागतात, कधी प्रवास लागतो. त्या माणसाचा पगार कोण देतं? आणि जो देतो, तो त्या बदल्यात काय घेतो? मी कोणत्याही फॅक्ट-चेक साइटवर गेले की बातमीच्या आधी तिचं 'आम्हाला पैसा कुठून येतो' हे पान उघडते. गेल्या शंभर वर्षांत या पानावरचं नाव किती वेळा बदललं, त्याची ही गोष्ट आहे.

मालकाचा खिसा

१९१३ साली न्यूयॉर्कच्या 'वर्ल्ड' या दैनिकाने एक नवं खातं उघडलं. नाव मोठं होतं: अचूकता आणि न्याय्य वागणूक विभाग. मालक राल्फ पुलित्झर, म्हणजे ज्यांच्या नावाचं पारितोषिक आहे त्या जोसेफ पुलित्झरांचा मुलगा. विभागप्रमुख आयझॅक व्हाइट. व्हाइटांच्या लक्षात आलेली एक गंमत पत्रकारितेच्या इतिहासात नेहमी सांगितली जाते. या दैनिकात जहाज बुडाल्याची बातमी आली की तिच्यात हमखास एक मांजर असायची, बुडत्या जहाजातून वाचलेली. त्यांनी बातमीदाराला विचारलं. तो म्हणाला, एकदा खरोखरच मांजर वाचली होती. मी ते लिहिलं. बाकीच्या बातमीदारांकडे मांजर नव्हती, म्हणून त्यांना साहेबांच्या शिव्या बसल्या. तेव्हापासून जहाज बुडालं की सगळेच एक मांजर टाकतात!

या किश्श्यात व्हायरल बातमीचं सगळं शास्त्र आहे. मांजर खपते, म्हणून मांजर येते. आणि ती काढून टाकायला मालकाला वेगळा पगार मोजावा लागतो.

मालकांनी तो मोजला तो सचोटीच्या ओढीने, तसाच कोर्टाच्या धाकानेही. 'टाइम' साप्ताहिक १९२३ साली निघालं, तेव्हा नॅन्सी फोर्ड नावाच्या तरुणीला मजकुरातल्या तारखा, नावं, आकडे तपासायला बसवलं गेलं. पुढे कित्येक दशकं अमेरिकी मासिकांत हे काम जवळपास बायकांकडेच राहिलं. पुरुष लिहायचे, बायका त्यातली प्रत्येक ओळ टिंब देऊन तपासायच्या, आणि नाव छापून यायचं ते पुरुषाचं. 'न्यूयॉर्कर'ने १९२७ साली एडना सेंट व्हिन्सेंट मिले या कवयित्रीवर एक लेख छापला. त्यात इतक्या चुका होत्या की तिची आई खटला भरण्याच्या गोष्टी करू लागली. या मासिकाचा पुढे जगभर गाजलेला पडताळणी विभाग उभा राहिला तो त्यानंतर.

पण या व्यवस्थेची एक मर्यादा होती. मालकाच्या पैशावर काम करणारा तपासनीस फक्त मालकाच्याच पानांवरचा मजकूर तपासायचा, तोही छापण्याआधी. बाहेर पुढारी काय बोलतोय, जाहिरात काय सांगतेय, हे त्याच्या कक्षेबाहेर होतं. आणि मालकाला काटकसर सुचली की पहिली कुऱ्हाड यांच्यावरच. 'वर्ल्ड' १९३१ साली विकलं गेलं आणि त्याबरोबर तो विभागही संपला.

ही कुऱ्हाड मी जवळून पाहिली आहे. एका मराठी दैनिकात मी काही वर्षं उपसंपादक होते. तिथे संदर्भ विभाग नावाची एक खोली होती. विषयवार लावलेली कात्रणांची पाकिटं, जुने अंक, आणि कोणत्या धरणाचं भूमिपूजन कितीदा झालं हे तोंडपाठ असलेले एक काका. बाजूच्या टेबलावर दोन मुद्रितशोधक. खर्च कमी करायचं ठरलं तेव्हा आधी मुद्रितशोधक गेले, मग काका गेले, मग ती खोली जाहिरात विभागाला मिळाली. या निर्णयाने अंकाचा खप कमी झाला नाही. मालकाच्या हिशेबात ही गोष्ट महत्त्वाची होती, आणि हिशेब म्हणून ती बरोबरच होती. अचूकतेचे पैसे वाचक वेगळे देत नाही. चूक झाली तरी बहुतेकदा त्याला ती कळतच नाही.

दानशूराचा खिसा

पडताळणी करणारा माणूस स्वतःच्या वर्तमानपत्रातून बाहेर पडून थेट पुढाऱ्यांच्या दाव्यांकडे वळला, तो अमेरिकेतल्या १९८८च्या अध्यक्षीय निवडणुकीनंतर. थोरले बुश आणि डुकाकिस यांच्यातली ती लढत टीव्हीवरच्या विखारी जाहिरातींनी गाजली होती. पत्रकारांनी त्या जाहिराती दाखवल्या, त्यांच्यावर चर्चा केली, पण त्या खऱ्या आहेत का हे फारसं कोणी सांगितलं नाही. 'वॉशिंग्टन पोस्ट'चे ज्येष्ठ स्तंभलेखक डेव्हिड ब्रोडर यांनी १९९०मध्ये लिहून पत्रकारांना सांगितलं की जाहिरातींतल्या दाव्यांची झडती घेणं हे आपलंच काम आहे. त्यानंतर अनेक दैनिकांत अशी सदरं सुरू झाली. सीएनएनवर हे काम ब्रूक्स जॅक्सन करत.

याच जॅक्सन यांना घेऊन डिसेंबर २००३मध्ये फॅक्टचेक डॉट ऑर्ग सुरू झालं. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या अ‍ॅननबर्ग केंद्राने ते काढलं. केंद्राच्या प्रमुख होत्या कॅथलीन हॉल जेमिसन, आणि पैसा अ‍ॅननबर्ग फाउंडेशनचा. या पैशाचा उगम पाहण्यासारखा आहे. वॉल्टर अ‍ॅननबर्ग यांची श्रीमंती आली 'टीव्ही गाइड'मधून, म्हणजे कोणत्या चॅनलवर किती वाजता काय लागणार हे सांगणाऱ्या साप्ताहिकातून. त्यांच्या वडिलांची आली घोड्यांच्या शर्यतींची माहिती छापणाऱ्या 'डेली रेसिंग फॉर्म'मधून. ते वडील करचुकवेगिरीसाठी तुरुंगात गेले होते. १९८८मध्ये वॉल्टर यांनी प्रकाशनांचा सगळा कारभार रूपर्ट मर्डोक यांना सुमारे ३०० कोटी डॉलरला विकला, आणि त्यानंतर फाउंडेशन उभं राहिलं. जगातल्या पहिल्या मोठ्या स्वतंत्र फॅक्ट-चेक साइटचे पगार निघाले ते अशा पैशातून. पैशाला जात नसते म्हणतात, पण इतिहास असतो.

तरीही साइटच्या निकालांवर दात्याची सावली दिसली नाही. उलट एक मजेशीर प्रसंग घडला. ५ ऑक्टोबर २००४ रोजी उपाध्यक्षपदाच्या वादसभेत डिक चेनी यांनी प्रतिस्पर्ध्याला ऐकवलं की माझ्यावरचे आरोप खोटे आहेत, हवं तर फॅक्टचेक डॉट कॉमवर जाऊन बघा. चूक एका शब्दाची झाली. साइट 'डॉट ऑर्ग' होती. 'डॉट कॉम' हे नाव भलत्याच कंपनीच्या मालकीचं होतं. वादसभा चालू असतानाच त्या पत्त्यावर लोकांची झुंबड उडाली, तेव्हा कंपनीने सगळी गर्दी अब्जाधीश जॉर्ज सोरोस यांच्या साइटवर वळवून दिली. तिथे बुश यांना मत देऊ नका असा लेख झळकत होता. फॅक्टचेकने दुसऱ्या दिवशी शांतपणे लिहिलं की चेनींनी आमचं नाव चुकवलं, आणि आम्ही काय म्हटलं होतं तेही त्यांनी नीट सांगितलं नाही.

२००७मध्ये फ्लोरिडातल्या 'सेंट पीटर्सबर्ग टाइम्स'ने बिल अडेर यांच्या पुढाकाराने पॉलिटिफॅक्ट काढलं आणि २००९मध्ये त्याला पुलित्झर मिळालं. हे दैनिकही साधं नव्हतं. त्याचे मालक नेल्सन पॉइंटर यांनी मरताना ते पत्रकारिता शिकवणाऱ्या एका ना-नफा संस्थेच्या नावे केलं होतं. मग ही कल्पना जगभर गेली. २०१०मध्ये ब्रिटनमध्ये फुल फॅक्ट कामाला लागलं, अर्जेंटिनात चेकेआडो सुरू झालं. २०१२मध्ये आफ्रिका चेक आलं. चेकेआडोने पैशासाठी थोडी सगळीकडे झोळी फिरवली: परदेशी देणग्या, कंपन्या, प्रशिक्षणाची फी, सामान्य माणसांची वर्गणी, वर्षातून एकदा निधीसाठीचं जेवण. अशा संस्थांचं आंतरराष्ट्रीय जाळं, आयएफसीएन, २०१५मध्ये त्याच पॉइंटर संस्थेत उभं राहिलं. त्याने पुढच्या वर्षी आचारसंहिता केली, आणि तिच्यात एक अट घातली की पैसा कुठून येतो हे जाहीर करायचं. मी जे पान आधी उघडते, ते या अटीमुळे अस्तित्वात आलं. आणि २०१७मध्ये या जाळ्याला १३ लाख डॉलर मिळाले ते ओमिड्यार नेटवर्क आणि जॉर्ज सोरोस यांच्या फाउंडेशनकडून. हे आकडे जाहीर होते. विरोधकांनी पुढे टीकेसाठी तेच वापरले. पारदर्शक असण्याची ही किंमत असते. ज्याचा हिशेब उघडा, त्याच्यावरच बोट ठेवता येतं. अफवा पसरवणाऱ्याचं असं कोणतंही पान नसतं.

ज्याच्या घरात आग, त्याचाच बंब

२०१६च्या अमेरिकी निवडणुकीत फेसबुकवर खोट्या बातम्यांचा पूर आला आणि कंपनीवर चौफेर टीका झाली. १५ डिसेंबर २०१६ रोजी फेसबुकने जाहीर केलं की यापुढे बाहेरचे फॅक्ट-चेकर्स आमच्या साइटवरच्या पोस्ट तपासतील. सुरुवातीच्या भागीदारांत फॅक्टचेक, पॉलिटिफॅक्ट, स्नोप्स, एपी आणि एबीसी न्यूज होते. पुढे कंपनी या कामाचे पैसे देऊ लागली, आणि पाहता पाहता या क्षेत्रातली सर्वांत मोठी गिऱ्हाईक बनली. मेटाने स्वतः सांगितलेला आकडा १० कोटी डॉलरहून मोठा आहे. गूगल आणि यूट्यूबनेही नोव्हेंबर २०२२मध्ये आयएफसीएनला १ कोटी ३२ लाख डॉलर दिले.

फेसबुकची पद्धत साधारण अशी होती. संशयास्पद पोस्टची एक रांग फॅक्ट-चेकरला स्क्रीनवर दिसते. त्यातली किंवा बाहेरची एखादी घेऊन तो तपास करतो, लेख लिहितो, पोस्टला शेरा लावतो. मग फेसबुक त्या पोस्टवर पट्टी टाकतं आणि तिचा प्रसार कमी करतं. पोस्ट काढायची की नाही, हा निर्णय कंपनीचा. पैसे तपासलेल्या मजकुराच्या हिशेबाने, महिन्याच्या ठरलेल्या मर्यादेपर्यंत.

इथे मला या सगळ्या इतिहासातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट दिसते. 'पैसा घेतला म्हणजे निकाल विकला' असा आरोप नेहमी होतो, आणि तो बहुतेक वेळा पोकळ निघतो. निकाल पुराव्यांसकट समोर असतो, कोणीही तपासून पाहू शकतो. पैसा बदलतो तो ताट. म्हणजे पडताळायला काय घ्यायचं, हे. फॅक्टचेकचा जन्म पुढाऱ्यांची भाषणं तपासायला झाला होता. फेसबुकच्या कराराने मात्र पुढाऱ्यांचं थेट बोलणं वगळलं होतं. २०१९मध्ये कंपनीने ते जाहीरपणे सांगितलं. साहजिकच, जगभरच्या संस्था हळूहळू मंत्र्यांच्या दाव्यांकडून लिंबूपाण्याने कॅन्सर बरा होतो अशा पोस्टकडे सरकल्या. लिंबूपाणीही तपासायलाच हवं, त्याने माणसं मरतात. पण मंत्री निसटला.

स्नोप्सने २०१७ सालासाठी फेसबुककडून एक लाख डॉलर घेतले होते, आणि फेब्रुवारी २०१९मध्ये ते या व्यवस्थेतून बाहेर पडले. बाहेर पडणं सगळ्यांना परवडणारं नव्हतं. छोट्या देशांत, छोट्या भाषांत, अनेक संस्थांचा निम्माशिम्मा पगार या एका करारातून निघत होता.

राईनपाडा

आता आपल्याकडे येऊ. १ जुलै २०१८. धुळे जिल्ह्यातला साक्री तालुका, राईनपाडा गाव, रविवारचा आठवडे बाजार. नाथपंथी डवरी गोसावी समाजातली पाच माणसं भिक्षा मागत आली होती, बहुतेक मंगळवेढा तालुक्यातली. मुलं पळवणारी टोळी फिरतेय, असे मेसेज त्या भागात कित्येक दिवस व्हॉट्सॲपवर फिरत होते. जमावाने या पाच जणांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून ठार मारलं.

त्या उन्हाळ्यात देशभर एक क्लिप फिरत होती. मोटरसायकलवरचे दोघं रस्त्यात खेळणारं पोर उचलून नेतात. मूळ क्लिप कराचीत तयार झालेली जनजागृतीची फिल्म होती. शेवटी ते दोघं पोर परत आणून सोडतात आणि मुलं पळवणं किती सोपं आहे ते फलक धरून सांगतात. शेवट कापला की ती फिल्म पुरावा बनते. फॅक्ट-चेकर्सनी हे शोधून काढलं होतं, इंग्रजी साइटवर छापलंही होतं. साक्री तालुक्यातल्या आदिवासी पाड्यांवर, जिथे मराठीही अनेकांची दुसरी भाषा आहे, ते कसं पोचणार होतं? आणि व्हॉट्सॲपवर पट्टी लावायची सोय नव्हती. तिथले मेसेज कूटबद्ध, बाहेरच्याला दिसतच नाहीत. कंपनीने वर्तमानपत्रांत पानभर जाहिराती दिल्या आणि भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा घातली.

भारतात हे काम तेव्हा नवंच होतं. 'इंडियास्पेंड'च्या मंडळींनी २०१४मध्ये फॅक्टचेकर सुरू केलं. मुंबईचं 'बूम' एप्रिल २०१८मध्ये, कर्नाटकच्या निवडणुकीच्या तोंडावर, भारतातलं फेसबुकचं पहिलं भागीदार झालं. नंतर या भागीदारांत फॅक्ट क्रेसेंडो आणि न्यूजचेकर आले, आणि त्यांनी मराठीतही काम सुरू केलं. फेसबुकच्या पैशावर टीका करताना हे विसरता येत नाही. मराठीत व्हायरल होणाऱ्या फोटोंचं मराठीत खरं-खोटं करायला पहिल्यांदा नियमित पगार मिळाला, तो बव्हंशी या परदेशी कंपनीच्या हिशेबातून. आपल्या मोठ्या दैनिकांनी संदर्भ विभाग बंद केले होते, तेव्हा.

दुसरी वाट वर्गणीची. अहमदाबादेत प्रतीक सिन्हा आणि मोहम्मद झुबैर यांनी २०१७मध्ये 'ऑल्ट न्यूज' सुरू केलं. ते मुख्यतः लोकांच्या देणग्यांवर चालतं. कायद्याने बातम्या देणाऱ्या संस्थांना परदेशी देणगी घेता येत नाही, त्यामुळे पैसा देशातलाच हवा. २७ जून २०२२ रोजी झुबैर यांना एका जुन्या ट्वीटवरून अटक झाली. २० जुलैला सुप्रीम कोर्टाने जामीन दिला. मधल्या काळात परदेशी पैशाचा आरोप झाला, संस्थेने तो नाकारला. पण देणग्या ज्या रेझरपे कंपनीमार्फत यायच्या, तिने देणगीदारांची माहिती पोलिसांना दिली होती. कायद्याने द्यावीच लागली, असं कंपनीचं म्हणणं होतं. ते मान्य केलं तरी शंभर रुपये देणाऱ्या माणसाला त्यातून जायचा तो संदेश गेला. माझ्या ओळखीतल्या दोघांनी त्या महिन्यात आपली मासिक देणगी बंद केली. दोघांनी नव्याने सुरूही केली.

वर्गणीही ताट बदलतेच. वाचक चिडला की देतो, आणि चिडतो तो राजकारणावर. मुलं पळवणाऱ्या टोळीची अफवा कोणत्या पक्षाची नसते, तिच्या खंडनासाठी कोणी भावनेच्या भरात मोबाइल काढून पैसे पाठवत नाही.

सरकारचा खिसा

मग सरकारने करावं की! हा विचार ऐकायला सरळ वाटतो. केंद्र सरकारच्या पीआयबीचा फॅक्ट-चेक विभाग २०१९पासून आहे. सरकारी योजनांच्या नावाने फिरणारे खोटे अर्ज, नोकरीच्या बनावट जाहिराती, शाळांच्या सुट्टीची खोटी पत्रकं यांवर तो उपयोगी पडतो. एखाद्या खात्याने असं पत्रक काढलं की नाही, हे त्या खात्यालाच सर्वांत आधी कळणार.

एप्रिल २०२३मध्ये आयटी नियमांत दुरुस्ती झाली. केंद्र सरकारच्या कारभाराविषयीचा कोणता मजकूर खोटा किंवा दिशाभूल करणारा आहे हे सरकारनेच नेमलेला विभाग ठरवणार, आणि त्याने बोट ठेवलेला मजकूर ज्या प्लॅटफॉर्मने तसाच ठेवला, त्याचं कायदेशीर संरक्षण जाण्याची शक्यता. विनोदकार कुणाल कामरा आणि इतरांनी मुंबई हायकोर्टात आव्हान दिलं. ३१ जानेवारी २०२४ रोजी न्यायमूर्ती गौतम पटेल आणि न्यायमूर्ती नीला गोखले यांचा निकाल परस्परविरोधी आला. मार्चमध्ये सरकारने पीआयबीच्या विभागाची अधिसूचना काढली, दुसऱ्याच दिवशी सुप्रीम कोर्टाने तिला स्थगिती दिली. तिसरे न्यायमूर्ती अतुल चांदूरकर यांनी २० सप्टेंबर २०२४ रोजी ही दुरुस्ती घटनाबाह्य ठरवली.

मला यात हेतूपेक्षा रचना महत्त्वाची वाटते. सरकारी पैशावरचा विभाग सरकारविरुद्धच्या अफवा तपासेल, आणि त्या तपासायलाही हव्यात. मंत्र्याने सभेत फेकलेला आकडा तो कधी तपासणार? त्याच्या ताटात तो पदार्थ येणारच नाही. आणि स्वतःविषयीच्या वादात स्वतःच पंच व्हायचं, ही गोष्ट गल्लीतल्या क्रिकेटमध्येही चालत नाही.

एका मंगळवारी

७ जानेवारी २०२५, मंगळवार. मार्क झुकरबर्ग यांनी एका व्हिडिओत जाहीर केलं की अमेरिकेत मेटा हा कार्यक्रम बंद करतंय. कारण दिलं, फॅक्ट-चेकर्स राजकीयदृष्ट्या पक्षपाती होते. त्यांच्या जागी वापरकर्त्यांनीच लिहिलेल्या टिपा येणार, एक्सवर असतात तशा. अशा टिपांखाली पुरावा म्हणून अनेकदा फॅक्ट-चेकर्सच्याच लिंका असतात, ही गोष्ट त्या व्हिडिओत नव्हती. दोन आठवड्यांत अमेरिकेत नवं सरकार आलं आणि पहिल्याच दिवशी परदेशी मदत गोठवण्याचा आदेश निघाला. अनेक देशांतली छोटी स्वतंत्र माध्यमं त्या मदतीवर उभी होती, त्यांचे पगार थांबले.

मेटाचा निर्णय तेव्हा अमेरिकेपुरता होता. पण त्या आठवड्यात जगभरच्या, आपल्याकडच्याही, फॅक्ट-चेक संस्थांमध्ये एकच हिशेब चालू झाला असणार: हा करार गेला तर आपल्यापैकी किती जण उरतील? आठ वर्षांत उभी राहिलेली व्यवस्था एका माणसाच्या पाच मिनिटांच्या बोलण्याने डळमळली. त्याने कोणावर दबाव आणला नव्हता, कोणता निकाल बदलायला सांगितला नव्हता. फक्त पैसे देणं थांबवलं.

म्हणून या शंभर वर्षांकडे पाहून मला दोन प्रश्न हाताशी ठेवावेसे वाटतात. तुम्हीही ते पान उघडाल तेव्हा विचारून बघा. पहिला, या पैशामुळे काय तपासलं जात नाही? दुसरा, हा पैसा उद्या थांबला तर कोणाच्या सांगण्यावरून थांबेल? ज्या संस्थेच्या पानावर एकच मोठं नाव आहे, ती कितीही प्रामाणिक असली तरी दुसऱ्या प्रश्नावर हरते. ज्या पानावर दहा छोटी-मोठी नावं आहेत, थोडी वर्गणी, थोडं फाउंडेशन, थोडी प्रशिक्षणाची फी, एखादा कंपनीचा करार, तिथे एखादा हात निघाला तरी छप्पर खाली येत नाही. चेकेआडोसारख्या संस्था हे करत आल्या, पैसे गोळा करण्याची दगदग सोसून. सर्वांत शुद्ध पैसा शोधत बसण्यापेक्षा असे अनेक हात जोडणं जास्त उपयोगाचं, असं हा इतिहास मला सांगतो.

पहिला प्रश्न मात्र त्यानेही पूर्ण सुटत नाही. साक्री तालुक्यातल्या बोलीत येणारी अफवा ना फेसबुकच्या रांगेत दिसते, ना अमेरिकी फाउंडेशनच्या अर्जात, ना मुंबई-पुण्यातल्या देणगीदाराच्या रागात. तिथे लागतो तिथलाच एखादा माणूस, ज्याला गावचे सरपंच, आशाताई, पोलीस पाटील ओळखतात, जो 'मुलं पळवणारी टोळी आली' हा मेसेज दिसताच चार फोन करतो आणि तिथल्याच बोलीत तासाभरात खरी गोष्ट ग्रुपवर टाकतो. त्याचा पगार एखाद्या जिल्हा दैनिकाच्या उपसंपादकाइतका असेल. फोन आणि गाडीचं पेट्रोल वेगळं. तालुक्यातल्या गणेश मंडळांच्या एका मोसमातल्या वर्गणीपुढे ही रक्कम किरकोळ आहे. आपल्याला वर्गणी काढता येत नाही असं कोणीही म्हणू शकणार नाही. १८८२मध्येही ती निघाली होती, फक्त निकाल लागायच्या वेळेला. राईनपाड्यानंतरही मदत जाहीर झाली, मृतांच्या नातेवाइकांना.

प्रश्न एवढाच उरतो की पुढची वर्गणी आपण कधी काढणार.